वाचनालयात एक संगणक आणि एक माणूस

२०२५च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली आणि गावोगावच्या सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. खरं तर घरबसल्या मोबाइलवरून करता येईल अशीच ती सोय होती. पण संकेतस्थळ वरचेवर बंद पडत होतं, ओटीपी येत नव्हता, आणि स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी लागत होता. ज्यांना नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी काय करायचं, हे कुणाला आधी सुचलं नव्हतं. बोंबाबोंब झाली, मुदत वाढली. टीकेचा सगळा रोख सर्व्हरवर होता. सर्व्हर आज ना उद्या सुधारेल. पण महिन्याचे १,५०० रुपये चालू राहावेत म्हणून कितीतरी बायकांनी आपला फोन आणि आपलं आधार कार्ड काउंटरपलीकडच्या मुलाच्या हातात दिलं आणि "तूच काय ते कर बाबा" म्हणून त्या बाजूला उभ्या राहिल्या. मला ही गोष्ट सर्व्हरपेक्षा गंभीर वाटते.

गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारी खिडकीचा पडदा झाला आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, सगळं ऑनलाइन. २०२१च्या खरिपापासून शेतात काय पेरलंय हे शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून, ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये फोटो काढून नोंदवायचं असं ठरलं. पूर्वी हे काम तलाठी करायचा. म्हणजे सरकारनं आपल्या कामाचा एक हिस्सा नागरिकाकडे सोपवला. तो करायला लागणारी कला मात्र त्याला कुणी शिकवली नाही, निदान शिकवण्याची कायमची जागा काही उभी केली नाही. पोरं शाळेत शिकतात, नोकरदार कचेरीत शिकतात. पंचेचाळिशीची शेतमजूर बाई, साठीचा निवृत्त एसटी ड्रायव्हर, दुकान सांभाळणारी विधवा, यांनी कुठे जायचं?

उत्तर ठरलेलं आहे: सेतूवर. सरकारी पाटीवर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असं लिहिलेलं असलं तरी लोकांच्या तोंडी सेतूच. या सेतूवाल्यांना नावं ठेवण्यात मला रस नाही. दुकानाचं भाडं, वीज, इंटरनेट, प्रिंटरची शाई हे सगळं त्याला दर कामामागे मिळणाऱ्या चार पैशांतून भागवायचं असतं. बाहेर रांग लागलेली असताना तो एखाद्या मावशींना "इथे बोट ठेवा, आता हे वाचा" असं समजावत बसला तर संध्याकाळी गल्ल्यात काय पडणार? शिवाय मावशी शिकल्या तर पुढच्या वर्षी एक गिऱ्हाईक कमी. करून देणं हा त्याचा धंदा आहे; शिकवणं त्या धंद्याच्या मुळावर येतं. ज्याचं पोट तुम्हाला काही येत नाही यावरच चालतं त्याच्याकडून तुम्ही शिकाल, अशी अपेक्षा धरणं हीच मुळात सरकारची लबाडी आहे.

आणि यातून एक सवय लागते, तिची किंमत पुढे मोजावी लागते. पोलीस, बँका, रिझर्व्ह बँक सगळे कंठशोष करून सांगतात की ओटीपी कुणालाही सांगू नका. त्याच वेळी सरकारी योजनेचं प्रत्येक काम मोठ्यानं ओटीपी सांगितल्याशिवाय होत नाही. "मावशी, आकडा आला का? वाचा." मावशी वाचतात. वर्षातून पाच-सहा वेळा असं केलेल्या बाईला एखाद्या दुपारी अनोळखी माणसाचा फोन आला आणि त्यानंही आकडा विचारला, तर तिला त्यात वावगं काय वाटणार? फसवणूक झाल्यावर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, हेही तिला कुणीतरी सांगावं लागतं. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ करतात तो ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कायद्यात नाही, हे सुशिक्षित निवृत्तांनासुद्धा पैसे गेल्यावर कळतं आहे. जाहिरातीतून सावधपणा येत नाही. आपण नेमकं कुठलं बटण दाबतोय आणि त्यानं काय होतं, हे हातानं केल्याशिवाय कळत नाही.

शिकवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २००१पासून चालू असलेल्या एमएस-सीआयटीनं महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला माउस धरायला शिकवलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण तो अभ्यासक्रम मुख्यतः नोकरीच्या वाटेवरच्या मुलांचा आणि प्रमाणपत्र हवं असलेल्या कर्मचाऱ्यांचा. फी भरून, परीक्षा देऊन. साठीच्या माणसाला एक्सेलमध्ये बेरीज करायची नसते. त्याला अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओवर बोलायचं असतं आणि जमिनीच्या फेरफाराचं काय झालं ते बघायचं असतं.

प्रौढांसाठीचा सगळ्यात मोठा प्रयत्न म्हणजे प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. २०१७ साली मंजूर झालं, ६ कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या एकेका माणसाला शिकवायचं ठरलं आणि ३१ मार्च २०२४ला अभियान संपलं तेव्हा ६.३९ कोटी लोक प्रशिक्षित झाल्याचा हिशेब लागला. उद्दिष्टापेक्षा जास्त. मग त्यानंतर दीड वर्षानं त्या रांगा कशाच्या होत्या?

योजनेच्या रचनेतच उत्तर आहे. २० तासांचं प्रशिक्षण. वय १४ ते ६०, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज तो साठीपुढचा माणूस पहिल्याच ओळीत बाद. घरटी एक, मग घरातून कोण जाणार? कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी, सून क्वचित, सासू कधीच नाही. आणि प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राला पैसे मिळणार ते माणूस परीक्षेत पास झाल्यावर. केंद्रचालकानं कुणाला पुढे बसवलं असेल, हे सांगायला संशोधन लागत नाही. पण यातला सगळ्यात मोठा दोष वेगळाच आहे. २० तास संपले, प्रमाणपत्र मिळालं, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या माणसाला संगणकाला हात लावायला जागाच नाही.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गावंच्या गावं साक्षर झाल्याचे सोहळे झाले. लोक खरोखर शिकले होते, पण पुढे वाचायला काही नाही, लिहायला निमित्त नाही, म्हणून पुष्कळांची अक्षरं पुसली गेली. साक्षरतेचं काम केलेल्या कुणालाही विचारा, शिकवण्यापेक्षा शिकलेलं टिकवणं अवघड, हेच तो सांगेल. संगणकाच्या बाबतीत तर अक्षरंसुद्धा दर दोन वर्षांनी बदलतात. ॲप बदलतं, बटणं जागा सोडतात, काल हिरवं होतं ते आज निळं होतं. इथे एकदाच शिकून मोकळं होणं शक्यच नाही.

"पण आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. संगणक हवाय कुणाला?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. फोननं प्रौढांसाठी जे केलं ते कुठल्याही अभियानाला जमलं नव्हतं. माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायचं आणि समोर यूट्यूबवर हवी ती गोष्ट येते, ही सोय न लिहिता-वाचता येणाऱ्यांना कुणी न शिकवता समजली. तरीही फोन पुरत नाही.

पहिली गोष्ट, ‘प्रत्येकाच्या हातात’ हे खरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. बायकांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के. त्यानंतर फोन वाढले, पण घरातला चांगला फोन कुणाकडे असतो आणि रिचार्ज कुणाचा आधी होतो, हे आपण सगळे जाणतो. दुसरी गोष्ट, अर्ज भरण्याचं काम चार इंची पडद्यावर करून बघा. फोटो अमुक केबीच्या आत, कागद पीडीएफमध्येच, नाव आधारवर आहे तसंच. त्यात ‘माझ्या कुटुंबातील कोणीही अमुक नाही’ अशी नकारार्थी विधानं, ज्यापुढे ‘होय’ म्हणायचं की ‘नाही’ याबद्दल मराठीचे प्राध्यापकसुद्धा क्षणभर थांबतील. चष्मा लावून, मोठ्या पडद्यावर, वर-खाली नीट बघत भरण्याची ती गोष्ट आहे. संगणक मात्र २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या अवघ्या ४.४ टक्के घरांत होता, शहरात २३.४ टक्के.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती आकड्यांत येत नाही. आपल्याच फोनवर शिकायला माणूस घाबरतो. त्यात बँकेचं खातं आहे, मुलांचे फोटो आहेत, व्हॉट्सॲपवर पाहुणेरावळे आहेत. चुकून काही दाबलं आणि पैसे गेले तर? चुकून नको तो फोटो सोयऱ्यांच्या ग्रुपवर गेला तर? घरात मुलाला विचारावं तर तो दोनदा सांगतो आणि तिसऱ्यांदा "आण इकडे" म्हणून फोन हिसकावून घेतो. आपल्या घरांत आईवडिलांना फोन शिकवण्याचं काम बहुधा याच स्वरात चालतं. पन्नाशीच्या माणसाला मुलासमोर अडाणी ठरणं मास्तरांसमोर अडाणी ठरण्यापेक्षा जास्त लागतं. म्हणून अशी जागा हवी जिथे चूक फुकट आहे: जिथलं यंत्र आपलं नाही, ज्यात आपलं खातं नाही, आणि शेजारी बसलेला माणूस आपल्या नात्यातला नाही.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९८३ साली अँटोनिया स्टोन नावाच्या गणिताच्या शिक्षिकेनं सरकारी वसाहतीच्या तळघरात संगणक मांडून आसपासच्या गरीब वस्तीसाठी ‘प्लेइंग टू विन’ हे केंद्र उघडलं. अशा केंद्रांची पुढे अमेरिकेत एक चळवळच झाली. पुढे तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनीही हे काम अंगावर घेतलं. आजही तिथला बेघर माणूससुद्धा ग्रंथालयात जाऊन संगणकावर नोकरीचा अर्ज भरू शकतो.

आपल्याकडचं उदाहरण जवळचं आहे आणि जास्त शिकवणारं आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्था आणि केंद्र सरकार यांनी मिळून कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उभारली. ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून देशभर गाजावाजा झाला. बाजारभाव, शेतीचा सल्ला, शिक्षण, सगळं या केंद्रांतून मिळणार होतं. प्रत्यक्षात ती चालली मुख्यतः उसासाठी: किती टन गेला, वजन काय भरलं, खत किती उचललं. शेतकरी यायचा, खिडकीतून विचारायचा, ऑपरेटर चिठ्ठी छापून द्यायचा. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागानं काही गावांत प्रयोग करून दाखवला की हीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसनं मिळते, आणि स्वस्तात. मग संगणकाचं काम काय उरलं? काहीच नाही. या गोष्टीचा अर्थ ‘खेड्याला संगणक नको’ असा लावला जातो. मला वेगळा अर्थ दिसतो. इतक्या वर्षांत कीबोर्डला हात लागला तो ऑपरेटरचाच. गावात संगणक होता, पण गावाचा नव्हता.

केरळमध्येही सुरुवातीला असंच घडलं. २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षया’ केंद्रं सुरू झाली ती घरटी एकाला संगणक शिकवण्यासाठी. शिकवणंही झालं. पण केंद्रं खासगी चालकांची. शिकवण्याचे पैसे संपल्यावर ती हळूहळू अर्ज भरून देणारी दुकानं झाली. मात्र केरळ तिथे थांबला नाही. पुल्लमपारा नावाच्या पंचायतीनं सगळ्या गावाला शिकवून दाखवलं आणि त्यावरून राज्यानं ‘डिजी केरळम’ हाती घेतलं. स्वयंसेवक घरोघरी गेले, रोजगार हमीच्या कामावर, अंगणात, जिथे माणूस भेटेल तिथे शिकवलं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं. वयाची वरची मर्यादा ठेवली नव्हती. नव्वदी ओलांडलेले लोकही शिकले. ‘पूर्ण साक्षर’ या घोषणेकडे मी थोडं संशयानं बघतो, पण साठीनंतरचा माणूस शिकत नाही हा आपला लाडका समज केरळनं खोटा ठरवला. आणि तिथे गावोगावी जिवंत ग्रंथालयं आहेत, मालमत्ता करावरच्या ग्रंथालय उपकरातून त्यांना पैसा मिळतो, ही गोष्ट योगायोगाची नाही.

तर माझं म्हणणं साधं आहे. महाराष्ट्रात नवीन केंद्रं उभारू नका, नवीन अभियानही काढू नका. वाचनालयात दोन संगणक ठेवा आणि शेजारी एक पगारी माणूस बसवा.

१९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे अ, ब, क, ड वर्गांत मिळून ११ हजारांहून जास्त अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. एवढं जाळं फार थोड्या राज्यांकडे आहे. त्यांची अवस्था मला ठाऊक आहे. सगळ्यात खालच्या, ड वर्गाचं वाचनालय संध्याकाळी दोन-तीन तास उघडतं, चार पेन्शनर पेपर चाळतात, ग्रंथपालाला हातात पडतं त्याला पगार म्हणवत नाही. २०१२ साली राज्यभर पडताळणी झाली तेव्हा कितीतरी वाचनालयांमधल्या त्रुटी उघड्या पडल्या होत्या. आणि काही ठिकाणी संगणक आधीच आलेले आहेत. अध्यक्षांच्या खोलीत, प्लास्टिकच्या कव्हराखाली. उपकराची तरतूद आपल्या कायद्यात नाही, म्हणून अनुदान हे कायम कुणाच्या तरी मर्जीवर. हे सगळं मान्य करूनही मी वाचनालयच म्हणतो. कारण तिथे जायला काम सांगावं लागत नाही. ग्रामपंचायतीत गेलं की "काय पाहिजे?" असं विचारतात, सेतूत गेलं की पैसे लागतात, शाळेत जायची मोठ्यांना लाज वाटते. वाचनालयात नुसतं बसता येतं.

संगणकापेक्षा माणूस महत्त्वाचा, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सविस्तर. त्याला प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही, चिडू नये एवढं पुरे. त्याला एकच नियम घालावा: माउसला हात लावायचा नाही. बोट दाखवायचं, बटण दाबायचं नाही. विहिरीत पोहायला शिकणाऱ्याच्या कमरेला भोपळा बांधतात, तेवढंच त्याचं काम. हातपाय शिकणाऱ्यानंच मारायचे. एका दाखल्याला दीड तास लागला तर लागू द्यावा. शिकायला येणारा आपलं काम घेऊन येईल, अभ्यासक्रम त्या कामातूनच निघेल. विजेचं बिल बघायला आलेल्या बाईला पासवर्ड म्हणजे काय ते त्या बिलापायीच कळतं. धडा दुसरा, प्रकरण तिसरं असं सांगून कळत नाही.

असा माणूस आणायचा कुठून? ग्रामपंचायतींत वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर काम करणारे आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा आंदोलनं करणारे संगणक परिचालक आहेत. त्यांना दुपारचे तीन तास वाचनालयात बसवा आणि त्या तासांचा वेगळा, नीट पगार द्या. ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण अभियानाच्या बचत गटांतल्या तरुण मुली आहेत, बायकांना शिकवायला त्या जास्त बऱ्या. वेळ दुपारी दोन ते पाच, जेवणं आटोपल्यावर आणि दूध घालायच्या आधी. संध्याकाळी सातला संगणक उघडा ठेवलात तर एकही बाई फिरकणार नाही आणि मग अहवालात ‘महिलांचा अल्प प्रतिसाद’ असं लिहून मोकळे व्हाल.

अनुदान द्यायचं ते पास झालेल्या डोक्यांवर नको, उघड्या ठेवलेल्या तासांवर द्या. किती जणांना शिकवलं हे मोजायचंच असेल तर वर्षानं मोजा: गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला मदतीनं काढणाऱ्यांपैकी या नोव्हेंबरात एकट्यानं किती जणांनी काढला. असा आकडा लहान येईल, म्हणून कुठल्याच मंत्र्याला तो आवडणार नाही.

एक धोका मात्र आहे. सार्वजनिक संगणकावर कुणी लॉग-आउट न करताच उठून गेला तर पुढच्या माणसासमोर त्याचं खातं उघडं. यावर उपाय आहे: माणूस उठला की यंत्र सगळं विसरेल अशी व्यवस्था फुकटच्या सॉफ्टवेअरनंही करता येते. बँकेचे व्यवहार तिथे शिकवू नयेत, सरावापुरतं खोटं खातं ठेवावं. सेतूवाले बोंब मारतील, पण त्यांचा धंदा बुडणार नाही; ज्याला वेळ नाही तो पैसे देऊन करून घेईलच. फरक एवढाच की तो त्याच्या सोयीनं जाईल, नाइलाजानं नव्हे.

या सगळ्या बोलण्यात एक फट आहे आणि ती सरकारच्या फार सोयीची आहे. वाचनालयात संगणक ठेवला, माणूस बसवला, की उद्या म्हणायला मोकळीक: शिकायची सोय केली होती, तुम्ही शिकला नाहीत. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केवायसीच्या प्रक्रियेत अडलेल्या दृष्टिहीन आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या नागरिकांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला. अडथळा माणसात नव्हता, यंत्रणेत होता, हे त्या निकालामागचं तर्कशास्त्र. डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या ॲपपुढे ज्याला डोळे मिचकावता येत नाहीत त्यानं काय शिकायचं? शेतमजुरी करून बोटांचे ठसे पुसले गेलेल्या म्हातारीनं काय शिकायचं? म्हणून पेन्शनरांना जशी आजही बँकेत जाऊन कागदावर सही करून हयातीचा दाखला देता येतो, तशी कागदाची खिडकी प्रत्येक योजनेला हवी. लाडक्या बहिणींच्या केवायसीलाही, अंगणवाडीत किंवा तलाठ्याकडे. ती खिडकी आधी उघडा, मग संगणकाचे पैसे मंजूर करा, याच क्रमानं.